शून्याचं टोक

टेपचं शून्याचं टोक नेहमी माझ्या हातात.
दुसरं टोक ओढत भैरू पुढं चालत जातो
गोव्याच्या दिशेनं,
आणि आकडा ओरडतो.
मी हलायचं नाही. मी शून्य धरायचं.
दिवसाला सहाशे, चहा वेगळा.

रस्ता आणखी रुंद करायचाय.
मागच्या खेपेला केला तेव्हाही
गाड्या मावत नाहीत असंच म्हणाले होते.
घाडी मास्तर म्हणतात,
दावं लांब केलं की म्हैस तेवढीच पुढं जाऊन चरते,
पोट भरलं असं ती कधी सांगते काय?

किंजळ, मत्ती, जांभूळ, नांदुरकी.
सालीवर चुन्याचा पट्टा, पट्ट्यावर लाल आकडा.
तीनशे अकरावर मुंगळ्यांची रांग चालली होती,
ती वाळेपर्यंत थांबली
मग आकड्यावरूनच वर गेली.

आणि हे मोजायला मी जातो
पॅसेंजरनं.

इदलहोंडच्या फलाटावर पाटी तीन लिप्यांत.
देवनागरीतली हिंदीसाठी आहे,
आम्ही वाचली की मराठी होते.
सकाळची गाडी येते, तिला यायचं असेल तेव्हा.
संध्याकाळची साथीच्या वर्षापासून बंद.
खिडकीला कागद आहे: तात्पुरती.
कागद पिवळा पडला, चारी कोपरे पालीनं खाल्ले,
तात्पुरती शाबूत.

नारायणी कुंभार रोज विचारते,
"येऊलीय काय रे गाडी?"
जणू मी ड्रायव्हर.
तिच्या डालग्यात पेंढा, पेंढ्यात मडकी.
टेंपोनं नेली तर देसूरपर्यंत चार फुटतात,
रुळावरून एक.
एवढाच तिचा अभ्यास,
पण तो वीस वर्षांचा आहे.
समोर बसव्वा, ताकाची कॅन दोन पायांत धरून.
ती कन्नडात बोलते, ही मराठीत,
भांडण मात्र दोघींना खिडकीवरून करायचं असतं
ते जमतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत साहेबांना विचारलं,
साहेब, या एका मैलाच्या पैशात
लोंढा ते बेळगाव किती गाड्या होतील?
दिवसाला चार? आणि संध्याकाळची एक, वेळेवर?
साहेब चांगला माणूस. हसला नाही.
डबा बंद केला, बोटं पुसली,
म्हणाला, होतील बहुतेक.
मग म्हणाला, पण ते आपलं खातं नाही.
आणि एक पेरू दिला मला.

परतीला गाडी नाही, म्हणून हायवेला हात करायचा.
लॉरी थांबली तर लॉरी.
मागच्या महिन्यात हिंडलग्याची पोरगी,
नर्सिंगला जाणारी, पावणेआठपर्यंत उभी होती
मोऱ्यांच्या ढिगाऱ्याशी, मोबाइलचा उजेड पाडून,
म्हणजे लोकांना दिसावं की इथं माणूस आहे.
आता तिनं कॉलेजजवळ खोली घेतलीय.
भाडं तिच्या आईच्या दोन म्हशींएवढं.

रविवारी टेप माझ्याकडेच होती.
फलाटाच्या टोकाला उतरलो, गाडी गेल्यावर,
दोन्ही बाजूंनी बघून.
रुळाच्या आतल्या कडेला शून्य लावलं
आणि कळलं, दुसरं टोक धरायला कुणी नाही.
नारायणी वरून बघत होती.
काय कराय लागलास रे, म्हणत खाली आली,
पलीकडच्या रुळापाशी टेपवर
एक पालथं मडकं ठेवलं.

पाच फूट सहा इंच.

मी पुन्हा मोजलं.
रस्त्याची आखणी आहे त्याच्या पंचवीसपट,
मी ती स्वतः मोजलीय, भैरूनं ओरडून सांगितलीय.
"एवढंच?" नारायणी म्हणाली.
"एवढ्यातनं माझी मडकी, तुझं काम, त्या बसव्वाचं ताक,
आणि तरी बाजूला शेत राहतंय?"

मी आकडा वहीत लिहिला.
ती वही साहेबांची नव्हती, किराणाची होती,
साखर दोन किलोच्या खाली.

सोमवारी तीनशे बारापासून सुरू.
चुना मी कालवतो, आकडा भैरू घालतो.
गाडी चाळीस मिनिटं लेट होती
म्हणून त्या दिवशी
चौदा झाडं कमी मोजली गेली.